पेटीपाशी ओतलेलं पाणी

उमरटोल्याच्या तलावात आज कोण कोण आहे, हे गावाला रोज सकाळी सात वाजता कळायचं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कवेलूच्या शेडबाहेर एक काळा फळा टांगलेला होता, आणि त्यावर खडूनं नावं लिहायचं काम कौतिका वलथरेकडे होतं. मरळ, बोटरी, कासव, सारस, कोल्हा. आम्ही पक्ष्यांसाठी येतो, असं फळ्यासमोर उभे राहणारे सगळेच सांगायचे. पण यादीत 'म्हैस' आली, की खरी गर्दी व्हायची. राखीव पाण्यात म्हशीला बंदी होती, आणि ती कुणाची असेल हे ठरवण्यात लोकांचा अर्धा तास मोठ्या समाधानात जायचा. ज्याची असायची, तो त्या दिवशी फळ्याकडे फिरकत नसे. कौतिका त्यावरूनच ओळखायची.

श्रावणातल्या त्या सकाळी शेडमधल्या पेटीच्या पडद्यावर यादी उमटली आणि तिचा खडू सहाव्या नावावर थांबला.

परदेशी मांगूर. पुढं लाल ठिपका. आकडा चारशे बारा.

तिनं पडदा पदरानं पुसला. नाव तिथंच होतं. ते फळ्यावर न लिहून उपयोगही नव्हता, कारण पेटी तीच यादी त्याच क्षणी तालुक्याला मत्स्य खात्याच्या बनसोड मॅडमच्या टेबलावर पाठवत होती. मिनिटाच्या आत फोन वाजलाच.

"कौतिकाताई, पाहिलंत?"

"पाह्यलं जी. पेटी चुकली असंल."

"पेटी आजवर चुकलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "आजची पहिली सकाळ धरा. लागोपाठ तीन सकाळी आलं तर नियम तुम्हाला ठाऊक आहे."

नियम सगळ्या गावाला ठाऊक होता. सगळ्यांनी त्यावर सह्या आणि अंगठे दिले होते.

पेटी म्हणजे काय, हे कौतिका पाहुण्यांना फार सोपं करून सांगायची. पाण्यात उतरलेला प्रत्येक जीव आपलं थोडंसं मागं टाकून जातो. एखादा खवला, अंगावरचा चिकटा, विष्ठा, तुटलेला केस. त्या कणाकणात त्या जिवाचा डीएनए असतो, म्हणजे तो कोण आहे हे सांगणारा बारीक धागा. पेटी दर तासाला तांब्याभर पाणी ओढते, गाळणीवर ते धागे धरते, वाचते आणि साऱ्या प्राण्यांच्या नोंदींशी ताडून पाहते. नावापुढचा आकडा म्हणजे तांब्याभर पाण्यात सापडलेले धागे. पण हे धागे पाण्यात टिकत नाहीत. ऊन आणि जंतू त्यांना खाऊन टाकतात, साधारण एका दिवसात निम्मे उरतात. जीव तलावात राहत असेल तर तो रोज नवे धागे सोडतो आणि आकडा टिकतो. नुसता येऊन गेला असेल, तर आकडा उतरत शून्यावर जातो.

मग तीनच दिवसांची घाई कशाला? कारण पाळायलाही बंदी असलेला हा मासा हवेवर श्वास घेतो, ओल्या गवतातून सरपटत पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जातो आणि वाटेत जे हलतं ते खातो. पावसाळ्यात उमरटोल्याचं पाणी धानाच्या बांध्यांतून खालच्या चाळीस तलावांना पोचतं. शेजारच्या खोऱ्यात एका समितीनं खात्री करून घेण्यासाठी महिनाभर वाट पाहिली होती. खात्री झाली तेव्हा अकरा तलाव गेले होते. तेव्हापासूनचा नियम असा: तिसऱ्या सकाळी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायचं, तलाव कोरडा करायचा आणि चिखलात चुना टाकायचा.

कौतिकानं तलावाकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी इथं डोक्याइतकी बेशरम माजली होती. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वीस बायांनी छातीभर पाण्यात उभं राहून ते तण मुळासकट उपटलं, देवधान म्हणजे रानभात लावला, कमळकंद लावले. चौथ्या वर्षी मरळ परतली, सातव्या वर्षी सारसांची जोडी आली. आत्ता देवधानाच्या मधोमध त्यांचं घरटं होतं आणि त्यात दोन अंडी. पिल्लं निघायला दहा दिवस होते. पाणी गेलं, की गावातली कुत्री पाय न भिजवता तिथं पोचणार होती.

ती घरी आली आणि चुलीजवळ पालथी ठेवलेली पितळी गुंडी पाहून तिथंच थांबली.

ती गुंडी तीन दिवसांपूर्वी आचलनं आणली होती. कौतिकाची ही एकुलती पोरगी चैत्रात पळसबोडीला दिली होती. ढिवरांत जुनी रीत आहे. लग्न झालेली पोरगी पहिल्या श्रावणात सासरच्या तलावाचं पाणी माहेरी आणते, आणि तिची माय ते माहेरच्या तलावात ओतते. दोन्हीकडच्या पाण्याची ओळख झाली म्हणजे पोरीला कुठंच परकं वाटत नाही, असं म्हणतात. राखीव तलावाच्या नियमात मात्र पहिलीच ओळ होती, 'बाहेरचं पाणी आत आणू नये'. पुरुषांनी त्यामुळं बाहेरगावची जाळी मिठात धुतली, डोंगे उन्हात वाळवले. बायांनीही मान डोलावली होती. पण नियम जाळ्यांचा आणि डोंग्यांचा, पोरींच्या पाण्याचा कसा असेल, असं प्रत्येकीनं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि दुसरीला विचारायच्या भानगडीत कुणी पडली नव्हती.

आचल त्या दिवशी दोन तास थांबली. सोबत नणंद होती, आणि ती विहिरीवरसुद्धा पाठ सोडत नव्हती. आचलनं गुंडी मायच्या हाती दिली. तोंडाला चौपदरी कापड बांधलेलं होतं. त्याच्या एका कोपऱ्याला गाठ होती. त्या गाठीत सासरचे तांदूळ असतात, ती पुनवेलाच सोडायची असते.

"माय, पेटीपाशी ओतजो," आचल म्हणाली होती. "तुडुमापाशी नको. पेटीपाशीच."

पोरगी शाळेचा अभ्यास त्या पेटीला टेकूनच करायची. कौतिकाला वाटलं, जीव आहे तिचा पेटीवर. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाहुण्यांची वर्दळ होती. त्याच्या पुढच्या संध्याकाळी तिनं पेटीच्या नळीजवळच गुंडी रिकामी केली, कापड घरी आणून खुंटीला टांगलं आणि बरं वाटून झोपली.

आता तिला लग्नातली एक गोष्ट आठवली. इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, घरामागं हिरव्या जाळीनं झाकलेले चार खड्डे होते आणि त्यातून कत्तलखान्यासारखा वास येत होता. "कोंबडीखत आहे जी," असं दयाराम नान्हेनं सांगितलं होतं. चोरून मांगूर पोसणारे त्याला कत्तलखान्यातली घाण टाकतात, हे तिनं ऐकलं होतं. दयाराम म्हणजे आचलचा सासरा, पळसबोडीच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. त्या मांडवात तो प्रत्येकाच्या पानात स्वतः वाढत होता, आणि आपण कुणाला वाढलं हे तो विसरत नाही, असंही लोक म्हणत होते.

तिनं फोन लावला. आचलचा फोन लग्नानंतर सासऱ्याच्या खिशात असायचा.

"इहीणबाई! आज कशी काय आठवण केली?"

"सहजच जी इवाई. पोरगी नीट पोचली नं?"

"पोचली नं. तोंडानं कमी, पण कामाले वाघ आहे तुमची पोरगी."

"तुमच्या तलावात औंदा मरळ कशी आहे?"

"मरळीचे दिवस राह्यले का आता? लोकाले जे पायजे ते पोसा लागते." मग दयाराम हसला. "थांबा, आचल काही म्हणते. पानी कुठं ओतलं, इचारते. पेटीपाशी का तुडुमापाशी? तुमच्या बायाचं एकेक!"

कौतिकानं चुलीजवळच्या गुंडीकडं पाहिलं. "पेटीपाशी. सांगा तिले, पेटीपाशीच ओतलं."

पलीकडं दयारामनं ते मोठ्यानं सांगितलं. आचलनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. पोरगी घाबरली, कौतिकाला वाटलं. चूक कळली तिला.

दुसऱ्या सकाळी आकडा एकशे अठ्ठ्याण्णव होता.

"निम्म्यावर आला जी," कौतिका म्हणाली.

बनसोड मॅडम स्वतः आल्या होत्या. तिशीतली बाई, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि ते बूट गाडीतून उतरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात बुडवणारी. "मांगूर चिखलात शिरला की आकडा असाच उतरतो, ताई. नाही म्हणून सांगायला मला कारण हवं. तुमच्याकडे आहे का कारण?"

कौतिका फळ्याकडं वळून आकडा लिहू लागली.

दिवसभर पुरुषांनी जाळी टाकली. मरळ आली, बोटरी आली, कासव आलं. मांगूर आला नाही. समितीचे अध्यक्ष हिरामण मारबते पाळीवर छत्री घेऊन उभे होते. तलावाच्या फाटकावर त्यांचा फोटो असलेला मोठा फलक होता. 'महाशीर आढळलेला एकमेव मामा तलाव'. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या काळातला. दोन वर्षांपूर्वी पेटीनं एकदा महाशीर सांगितला होता, खळाळत्या नदीत राहणारा मासा. तो कुणाच्या जाळ्यात कधी आला नाही, पण फलकावर आला. बनसोड मॅडमनी त्यावर शोधनिबंध लिहिला होता, आणि हिरामणभाऊ तेव्हापासून सभेत शेवटी बोलू लागले होते.

"नाई सापडला म्हणून नाई आहे असं होत नाई," ते म्हणाले. "महाशीर तरी कोनाले सापडला होता?"

ते वाक्य कौतिकाच्या डोक्यात अडकून बसलं. महाशीरचे आकडे तिनंच फळ्यावर लिहिले होते. पहिल्या दिवशी तीनशेवर. मग निम्मे. मग त्याचे निम्मे. आठवड्यात शून्य. आणि त्याच श्रावणात हिरामणभाऊंची पोरगी माधुरी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. वैनगंगेच्या काठावरून.

म्हणजे तलाव वाचवायची वाट होती. ती आपल्याच पोरीच्या उंबऱ्यावरून जात होती. नुसतं 'बाहेरचं पाणी' म्हटलं, तर 'कुठलं' हा प्रश्न येणारच. गावाचं नाव सांगितलं, की पळसबोडीला गाड्या जाणार. त्या रात्री त्या घरात आचलला कोण ताट वाढणार? आणि पाण्याबरोबर एखादं पिल्लू खरंच आलं असेल तर? तर ती तलावही घालवणार होती आणि पोरगीही.

तिसऱ्या सकाळी आकडा एकशे चार होता. लाल ठिपका होताच.

नऊच्या सुमारास सगळं गाव पाळीवर जमलं. तुडुमाचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा हिरामणभाऊंच्या हातात होता. कोण कुठं उभं आहे, हे कौतिका नकळत टिपत होती. ज्यांनी बेशरम उपटली त्या बाया पाण्याच्या बाजूला होत्या, सह्या करणारे पुरुष फाटकाच्या बाजूला. चुन्याची पोती मध्ये.

"करा सुरू," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

हिरामणभाऊंनी दांडा चाकात घातला.

"थांबा जी," कौतिका म्हणाली. "मासा नाई आहे. पानी आहे. मी ओतलं."

हिरामणभाऊंनी मान वळवली, दांडा सोडला नाही. "काय ओतलं?"

"पोरीचं पानी. पेटीपाशी. परवाच्या आदल्या सांजेले."

कुजबुज उठली. पाण्याच्या बाजूच्या बाया एकाएकी पायांकडे पाहू लागल्या. सातजणी तरी होत्या. कौतिकानं मोजल्या.

"कौतिका, तुले नियम माहीत नाई का?" हिरामणभाऊ कडाडले. "पेटी तुह्या हाती, खडू तुह्या हाती, अन् तूच? आता जीव वाचवाले कायी बी सांगून राह्यली."

"कायी बी नाई सांगत जी. नुसतं पानी असंल तर आकडा रोज निम्मा होते. चारशे बारा, एकशे अठ्ठ्यान्नव, एकशे चार." ती मॅडमकडे वळली. "असा आकडा याच्या आधी एकदा उतरला आहे. पाहा तुमच्या पाटीवर. महाशीरचा."

मॅडमचं बोट हातातल्या पाटीच्या पडद्यावर थबकलं. पाळीवर त्या वेळी तीन माणसांचं काही ना काही जाणार होतं. कौतिकाचा खडू, हिरामणभाऊंचा फलक आणि मॅडमचा निबंध. आपला वाटा मॅडमला सगळ्यांत आधी कळला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"महाशीर खरा होता," हिरामणभाऊ म्हणाले. "त्याले मधी आनू नको."

"नवता," मागून आवाज आला.

ती शेवंता होती, हिरामणभाऊंची बायको. सभेत कधी तोंड न उघडणारी. तिनं पदर खोचला. "माधुरीचं पानी मी ओतलं होतं. घागरभर. नदीचं."

"तू?"

"मंग कोन? तुमी फोटो काढून घेत होता, तवा सांगाचं होतं का?"

कुणीतरी हसलं आणि हिरामणभाऊंनी पाहताच खोकलं. त्यांच्या हातातला दांडा चाकातून हळूच बाहेर आला. तो आता कुठं ठेवावा, हे त्यांना सुचत नव्हतं.

मॅडम बराच वेळ दोन्ही आकड्यांच्या रांगा पाहत होत्या. मग त्यांनी पाटी छातीशी धरली. "उतार सारखा आहे. पण एवढ्यावर मी नियम थांबवू शकत नाही. पाणी कुठून आणलं ते सांगा. तिथल्या पाण्यातले धागे इथल्याशी जुळले, त्याच माशांच्या कुळाचे निघाले, तर सिद्ध होईल. मग मी चार दिवस देईन."

"गावाचं नाव नाई घेतलं तर?"

"तर माझ्याकडे फक्त तुमचा शब्द आहे. तो वर पाठवायला कागदावर जागाच नाही, ताई."

देवधानात सारसाची मादी उठून उभी राहिली. मान खाली घालून तिनं चोचीनं एक अंडं फिरवलं, मग दुसरं, आणि पुन्हा बसली. नर चार पावलांवर पाण्यात उभा राहून पाळीवरच्या गर्दीकडं पाहत होता. कौतिकाला चैत्रातला मांडव आठवला. पाठवणीच्या वेळी आचल रडली नव्हती. 'पेटीचा आकडा रोज कळवत जाय माय,' एवढंच म्हणाली होती. आणि दुसऱ्या आठवड्यापासून फोन सासराच उचलू लागला.

"पळसबोडी," ती म्हणाली. "दयाराम नान्हे. माह्या पोरीचा सासरा आहे. घरामांगं चार खड्डे आहेत, हिरव्या जाळीखाली. तलावाचं बी पानी घ्या अन् खड्ड्याचं बी."

शेवंता येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. एवढंच.

चौथ्या सकाळी सत्तेचाळीस. पाचव्या सकाळी एकवीस. पळसबोडीतले धागे जुळले. खड्ड्यांत मांगूर होता, आणि पावसात खड्डे भरून वाहिल्यामुळं तलावातही होता. त्या तलावात मरळीचा एकही धागा शिल्लक नव्हता. सहाव्या सकाळी सहा, आणि सातव्या सकाळी ते नाव यादीतून गेलं. मॅडमनी फाटकावरचा फलक उतरवायला सांगितला, आपला निबंध मागं घेतल्याचं पत्रही धाडलं. हिरामणभाऊंनी फलक घरी नेला. फोटो चांगला आला होता.

फळ्यावर ते नाव नाही, हे शेवंतानं लिहिलं, म्हणजे लिहिलंच नाही. खडू आता तिच्याकडे होता. तिचंही पाणी निघालं होतं, पण दोन वर्षं जुनं. कौतिकाचं ताजं होतं. समितीनं एवढा फरक केला.

सात दिवसांत आचलचा फोन नव्हता. कौतिकानं लावला तर बंद लागायचा. ती रोज पाळीवर जायची, घरट्याकडं पाहायची आणि फळ्याकडं न बघता परतायची. आता तिला कळलं, म्हशीच्या मालकाला कसं वाटत असेल.

दहाव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबर वाजला.

"माय."

"आचल! कुठून बोलतेस? कशी आहेस? मारलं तर नाई कोनी? मी काय करू वो, तलाव चालला होता, मले नाव घ्याच लागलं..."

"माय, आयक तर. बरी आहो मी. शेजारच्या काकूच्या फोनवरून बोलतो. मामाजी बोलत नाईत. खड्डे बुजवले, तलावाले चुना घातला. अध्यक्षपद गेलं. गावातल्या बाया मात्र घरी येऊन बसतात रोज. दोन साल झाले, जाळ्यात मांगराशिवाय कायी येत नवतं. सगळ्याले माहीत होतं, तोंड कोन उघडंल?"

"मी उघडलं. तुह्या घरावर."

पलीकडं आचलचा आवाज चढला, लहानपणी पाढा चुकला की चढायचा तसा.

"तूच उघडशील म्हणून तर पानी देल्लं नं तुले! नणंद बाजूले बसून होती, फोन मामाजीपाशी. मी कशी सांगू? म्हटलं, पेटी वाचंल, माय नाव सांगंल. पयल्याच सकाळी. अन् तू तीन दिवस लावले! इकडं मी रोज वाट पाहून राह्यलो, आज गाडी येते का उद्या येते."

"अन् पिल्लू गेलं असतं तर आपल्या तलावात?"

"चौपदरी कापडातून गाळलं होतं मी, तीनदा. एक बी नाई गेलं. गाठीत बांधून देल्ले नं तुले, सगळे. खूण म्हणून." आचल थबकली. "माय, गाठ सोडली का नाई?"

कौतिकानं खुंटीकडं पाहिलं. कापड तिथंच होतं, दहा दिवस, डोळ्यांसमोर.

"पुनवेले सोडाची असते नं," ती म्हणाली.

"अव्वो माय!"

तिनं फोन खांद्याशी दाबून धरला आणि गाठ सोडली. तांदूळ नव्हते. शहाजिऱ्याएवढे वाळलेले सात जीव होते, आणि उजेडात धरल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला मांगराच्या बारीक मिशा दिसत होत्या.